तोरण बांधणारे हात

“नाक घास, सख्या.”

पाटील एवढंच बोलला. जोरात बी नाही. अन् माहा बा, पिकल्या मिशांचा माणूस, साऱ्या गावासमोर वेशीतल्या चिखलात गुडघे टेकून बसला. पोळ्याचा दिवस होता, अंगावर धुतलेलं धोतर होतं. त्यानं नाक घासलं. पाटील म्हणे, “मले नाही दिसलं.” बानं पुन्हा घासलं. पोट्टे हसले. बाया पदराआडून पाहत राह्यल्या. कोणी बाची मान धरली नव्हती, कोणी त्याले खाली ओढलं नव्हतं. तो आपल्या आपण बसला. हेच मले आजपर्यंत खाते.

गुन्हा काय? गुन्हा आमच्या बैलाचा होता.

आमी मांग. अनसिंगच्या बाजारापासून कोसभर आमचं गाव. राज इंग्रजाचं म्हणत, पण आमाले ते कधी दिसलं नाही, आमाले पाटील दिसे. अंबाडी भिजवाची, सोलाची, दोर वळाचे, हे आमचं काम. गावातल्या एकूणएक बैलाची वेसण आमच्या हातची, कासरा आमच्या हातचा. त्याच्या बदल्यात सुगीले दाणे. अन् पोळ्याले वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागे, त्याची दोरी वळाची, पानं ओवाची, तोरण बांधाचं, ते बी आमीच. त्याखालून गावाचे बैल जात. पहिला मान पाटलाच्या बैलाचा. आमच्या घरी बैलच नव्हता, तर आमच्या बैलानं कुठून जावं हा सवालच कधी निघाला नव्हता.

मंग चांद्या आला. तांबडा, कपाळावर पांढरा चांद. पाटलाचा मानाचा बैल होता तो, कितीक पोळे तोरणाखालून पहिला तोच गेला. मागचा पाय दुखावला अन् लंगडाले लागला, तसा पाटलाच्या मनातून उतरला. बानं मागच्या सुगीचे सारे दाणे सोडले अन् पाटलापासून बैल घेतला. मायनं लय आदळआपट केली. “आता बैलाले चारता का लेकराइले?” पण त्याच्या पायाले हळद-तेल चोळत बसे ती मायच, दुसरं कोणी नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं बैलाचा खांदा शेकतात. आमच्या घरी तूप कुठलं? बानं तेलात हळद कालवून चांद्याच्या खांद्याले लावली अन् कानात म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” जन्मभर त्यानं हे दुसऱ्याच्या गोठ्याबाहेर उभं राहून ऐकलं होतं. म्हणता म्हणता माहा बुडा बा रडला.

दुसऱ्या दिवशी आमी सगळ्याच्या मागं उभे होतो, उकिरड्यापाशी. तिथंच उभे राहा म्हणून सांगतलं होतं. कासरा माह्या हातात. मी चांगला मिसरूड फुटलेला जवान. डफडं वाजलं. वाजवणारे बी आमचेच.

चांद्यानं कान टवकारले. त्याले काय ठाऊक त्याची जात बदलली म्हणून! त्याले डफडं ठाऊक होतं, तोरण ठाऊक होतं. निघाला लंगडत, रांगेच्या बाजूनं सरळ पुढं. मी कासरा ओढला. खरं सांगतो, आधी ओढलाच. मंग त्याची ती चाल पाहिली अन् माहा हात ढिला पडला. म्हटलं, जाऊ दे.

पाटलाची नवी जोडी उभीच राह्यली अन् चांद्या तोरणाखालून गेला. पलीकडं पाटील होता. दरसाल तिथंच पाटील त्याले आपल्या हातानं पुरणपोळी चारे. चांद्यानं तोंड पुढं केलं. पाटील असा मागं सरकला, जसा काही साप निघाला.

डफडं बंद पडलं.

“तोरन बाटलं,” पाटील म्हणाला.

मंग बाचं नाक चिखलात. अन् नाक पुसाच्या आधीच दुसरा हुकूम. “आता त्या ढोराले हान. गावाले दिसलं पाह्यजे.” बानं काठी उचलली. हाणली. चांद्याचं कातडं थरथरलं, पण तो जागचा हलला नाही. पोळीची वाट पाहत उभा राह्यला, येडा.

“अन् हे तोरन सोड. नवं बांध. आटप, दिवस बुडून राह्यला.”

नवं बांधाचं. कोणी? आमीच!

तवा माहं डोकं तडकलं. ज्या हातानं दोरी वळली, पानं ओवली, गाठ मारली, त्या हातानं तोरण बाटत नाही. त्याच हातानं पाळलेला बैल खालून गेला की बाटते. वा रे वा! असा कसा हा इटाळ, पाटलाच्या सोयीनं येते अन् पाटलाच्या सोयीनं जाते?

बानं दोरीचं टोक माह्याकडं फेकलं अन् खांबावर चढ म्हणून खुणावलं. मी ते घेतलं नाही. दोरी चिखलात पडली.

“मी नाही बांधत.”

“काय म्हनला बे?” पाटील.

“नाही बांधत. ज्याले पाह्यजे त्यानं बांधा.”

पाटलाचा एक गडी लाठी घेऊन धावला. पाटलानंच त्याले आडवलं. मले मारलं असतं तर तोरण कोण बांधतं? मी पाहून राह्यलो. शंभर माणूस उभा होता. दोन गाठी माराच्या होत्या, लेकरू बी मारन अशा. पण कोणी पुढं होईना. ज्यानं बांधलं तो मांग झाला! पाटील सुद्धा त्या दोरीकडं नुसता पाहत होता. बैल हंबरून राह्यले, कास्तकार कुरकुरून राह्यले, ऊन वेशीवरून उतरून गेलं.

रिवाज, रिवाज म्हणत आमच्या कितीक पिढ्या गेल्या. मले वाटे, रिवाज म्हणजे मोठा डोंगर हाये, आपल्या जन्माच्या आधीपासून उभा, आपण त्याले काय ढकलावं? कायचा डोंगर! माह्या पायापाशी चिखलात पडलेली दोरी होती ती. कोणी उचलून बांधली तरच रिवाज, नाही तर दोरी.

पाटील हुशार. तो माह्याशी बोललाच नाही. बाले म्हणाला, “सख्या, दाने बंद. अन् बैल माह्या गोठ्यात.”

बा उठला.

“बा, नको,” मी म्हटलं. त्यानं माह्याकडं पाहिलं सुद्धा नाही. दोरी उचलली, धोतराले पुसली, खांबावर चढला अन् बांधलं तोरण. गाठ नेहमीसारखीच पक्की. डफडं वाजलं, पाटलाची जोडी पहिली गेली, पोळा फुटला.

घरी मायनं चांद्यापुढं पोळी ठेवली. त्यानं खाल्ली. बानं काही खाल्लं नाही. आपल्या हाताइकडं पाहत बसला अन् म्हणाला, “मी नाही गेलो रे वर. हातच गेले.”

मले त्याचा राग आला अन् कीव बी आली. “हात तुहेच हायेत, बा,” मी म्हटलं.

त्या सुगीले मी दाणे मागाले कोणाच्या खळ्यावर गेलो नाही. दोर डोक्यावर घेतले अन् अनसिंगच्या बाजारात नेऊन विकले. कधी खपत, कधी तसाच भारा घेऊन परत येई. माय शिव्या देई. पोटाले चिमटा बसला, खोटं कायले सांगू? बा गुपचूप दोर वळत राह्यला, पण माह्याशी धड बोलला नाही.

पुन्हा पोळा आला. पाटलाचा गडी अंगणात उभा राह्यला.

“चाल सख्या. तोरन बांधाचं हाये. नाही म्हनशीन तर बैल सोडून न्याले सांगतलं हाये.”

बा उठाले लागला. बसल्या जागेवरून, जसा दरसाल उठे तसा. मी त्याच्यासमोर बसलो अन् त्याचे दोन्ही हात माह्या हातात धरले. अंबाडीनं खरखरीत झालेले हात.

“बैल आमचा हाये,” मी गड्याले म्हटलं. “दाने सोडून घेतला. न्याचा असन तर पाटलाले सोता याले सांग. अन् तोरन बी सोताच बांध म्हना.”

“सख्या, पोराले समजाव,” गडी म्हणाला.

बाचे हात ओढ घेऊन राह्यले होते. मी अजून घट्ट धरले. बा कळवळला. “सोड रे, दुखते.”

“दुखू दे,” मी म्हटलं.

वेशीवर डफडं वाजाले लागलं. मी सोडले नाहीत.