जास्तीचे दोन पाटे

दिलावर मिस्त्रीचं दुकान म्हणजे पाली रस्त्याला एक पत्र्याचं शेड आणि समोर ऑइलनं काळी झालेली जमीन. इंजिनाला तो हात लावायचा नाही. गाडी वळणावर का कलते, स्टेरिंग का ओढतं, मागचं धूड का उड्या मारतं, एवढंच त्याचं काम. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढली, त्यामुळं माणसांच्या तोंडापेक्षा त्याला पायांची ओळख जास्त. चपला बघून म्हणायचा, "ये निवृत्ती."

एक खोड होती त्याला. गाडीतून काढलेलं जुनं सामान, मग तो तुटका बोल्ट का असेना, गोणीत बांधून मालकाच्या हाती द्यायचा. मिस्त्रीवर चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही, म्हणून. त्याची बायको सलिमा म्हणायची, "लोकाचं भंगार लोकाला वाटत बसा. जन्नतमधी गॅरेज मिळंल."

कापूस वेचणीच्या दिवसांत पालीचा निवृत्ती आपली अठरा वर्षांची पिकअप घेऊन आला. रोज सकाळी गावातल्या बाया लिंबागणेशच्या शिवारात न्यायचा तो. सोबत सून यशोधरा होती. तिचा नवरा सतीश पुण्याला कंपनीत. इकडं बायांची टोळी ती सांभाळायची.

"जय भीम, दिलावरभाई. गाडी शेपूट हलवतीय. मागच्या स्प्रिंगला अजून एक पाटा वाढव."

"चाचा, वळण आलं की आमी सगळ्या एकीच्या मांडीवर," यशोधरा म्हणाली. "काल करिष्माच्या डब्यातलं कालवण माझ्या पदरात. कालवण बरं होतं, पर लुगडं गेलं."

दिलावर गाडीखाली सरकला. आधीच्या मालकानं जास्त माल लादायला मागच्या स्प्रिंगांना दोन लोखंडी पाटे वाढवले होते. त्यानं गाडी ओझ्याखाली दबत नव्हती, पण मागून उंच आणि ताठ झालेली. खड्डा आला की उधळायची. शॉकअप मेलेले, रबरी बुशांचा चुरा.

"पाटा वाढवायचा न्हाई, बे. काढायचे हायेत. दोन."

"अन् सोळा बाया?"

"दहा बसव. दोन खेपा कर."

"दुसऱ्या खेपेला उन्हं वर येत्यात. शेतवाला ऐकतो का?"

"मामा, दोन खेपाच करा," यशोधरा सासऱ्याला म्हणाली. "शेतवाल्याचं मी बघते."

दोन दिवस काम चाललं. मग दिलावर नेहमीसारखा मागं हौद्यात बसला, शेजारी यशोधरा, आणि निवृत्तीनं गाडी वळणावळणाच्या रस्त्यानं फिरवून आणली. गाडी रस्ता धरून चालली. यशोधरा म्हणाली, "चाचा, आता वेचणी सोडून हितंच झोपावं वाटतंय." दिलावरनं काढलेले दोन पाटे गोणीत बांधले आणि निवृत्तीच्या हाती दिले.

आठ दिवस दोन खेपा झाल्या. नवव्या दिवशी शेतवाल्यानं सांगितलं, सगळ्या बाया एकदम आल्या तर या, नाहीतर दुसरी टोळी हाय. निवृत्तीनं सोळाजणी बसवल्या. गाडी मागून बसली, टायर वरच्या पत्र्याला घासायला लागलं. दिलावरकडं गेलो तर शिव्या खायच्या, म्हणून त्यानं गोणी उचलली आणि रस्त्याकडेच्या कुण्या अनोळखी कारागिराकडून पाटे परत चढवून घेतले. पाटे आवळायला त्या माणसानं हाताला लागले ते बोल्ट लावले. आखूड होते.

दुसऱ्या दिवशी यशोधरानं गाडीचा उंच झालेला मागचा भाग बघितला. "मामा, पुन्हा?"

"चारच दिवस, पोरी. वेचणी संपूस्तर."

तिनं सगळ्या बाया बसवल्या आणि शेवटी स्वतः मागच्या फाळक्याला टेकून बसली.

तिसऱ्या दिवशी वळणावर बोल्ट सुटले, मागची चाकं एका अंगाला सरकली आणि गाडी उलटली. अकराजणी जखमी झाल्या. यशोधरा जागेवरच गेली.

पोलिसांनी दिलावरला गाडी बघायला बोलावलं. तो खाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पाटे त्यानं गंजाच्या डागांवरून ओळखले. घरी सलिमा म्हणाली, "तुमचा काय कसूर?" त्यानं ताट सरकवलं.

यशोधराच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो पालीला गेला. भन्तेजी गेले, माणसं पांगली. निवृत्तीचा हात गळ्यात बांधलेला होता. तो जवळ येऊन बसला.

"दिलावरभाई, खरं सांग. ते पाटे मी चढवले नसते तर पोरगी ऱ्हायली असती का?"

दारात निवृत्तीची बायको जाईबाई उभी होती. तिनं दिलावरकडं बघून नको नको अशी मान हलवली. वळणावर खडी होती, असं सांगायचं दिलावरनं ठरवलं होतं. वाटभर तेच घोकत आला होता.

"ऱ्हायली असती," तो म्हणाला.

"सोळाजणी असत्या तरी?"

"टायर घासलं असतं. रखडत गेली असती गाडी. पर पोचली असती."

जाईबाई आत गेली. मग निवृत्ती म्हणाला, "सतीश घरामागं बसलाय. चार दिवस झाले, इचारतोय कशानं झालं. माझ्या तोंडातून निघंना. तू सांग त्याला. मला सांगितलं तसंच."

दिलावर गुडघ्यावर हात टेकून उठला आणि घराला वळसा घालून मागं गेला.