बिनतिखटाची चिलापी

मिरजगावात हनुमंताला सगळे 'मॅनेजर' म्हणतात. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात सव्वीस वर्षं तो मॅनेजर होता, असं त्याची बायको मनकर्णा सांगायची. खरं काय ते गावात मला एकट्याला माहीत होतं. मी त्याचा शेजारी. माझं मोटारी दुरुस्तीचं दुकान त्याच्या घराला लागूनच आहे. हनुमंत त्या हॉटेलात वाईन वाढायचा. नुसता वाढायचा नाही, कोणत्या जेवणावर कोणती घ्यावी हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. पण मनकर्णाचा बाप दारूपायी गेलेला. नवरा असलं काही वाढतो, हे तिच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. पोरीची सोयरीक खर्ड्याला जमली तेव्हा भर बैठकीत तिनं 'मॅनेजर' असं ठणकावून सांगितलं आणि हनुमंत खाली मान घालून बसला. मला तिचा भयंकर राग आला होता.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. हॉटेलवाल्यांनी निरोपाला फ्रान्सच्या पांढऱ्या वाईनची बाटली दिली, मस्कादे नावाची. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी ती ठेवायला मनकर्णानं साफ नकार दिला, म्हणून बाटली धान्याच्या कोठीमागं गेली.

"राहू दे की, जुनी तितकी भारी," मी शहाणपण शिकवलं.

"न्हाई रे," तो कळवळून म्हणाला, "ही मुरवायची न्हाई. ताजीच प्यायची. वाया जाईल बघ."

त्याची ही घालमेल बघून शेवटी मनकर्णाच वैतागली. "उघडा एकदाची आन संपवा. सैपाक मी करते."

मला दुपारच्या जेवणाचं आवतण आलं. बाटली म्हटल्यावर आमच्याकडं माणूस दुसरं काय नेणार? मी किलोभर मटण नेलं. पिशवीत डोकावून हनुमंतानं कपाळावर हात मारला.

"काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढं ही टिकंल का? जीभ पेटल्यावर हिचं काय कळनार? ही गोड न्हाई, जराशी आंबट हाय, समुद्राकाठची. हिला मासा पायजे, मीठ, लिंबू. फार तर शेळीच्या दुधाचं पनीर."

मटण फ्रिजमध्ये गेलं. त्याला तिची हरकत नव्हती. बाटली मात्र गार राहावी म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून रांजणाशेजारी बसली होती.

उजनी धरणातली चिलापी मासळी त्यानं सकाळीच आणून ठेवली होती. बिनतिखटाची करायची म्हटल्यावर मनकर्णा उसळली. "पाव्हन्याला आजाऱ्याचं जेवन घालू? मनकर्णाच्या हाताला चव न्हाई म्हनतील लोक!"

तिचंही बरोबर होतं. आमच्याकडं तिखट कमी म्हणजे मान कमी.

हनुमंत तिच्यापुढं कधी दोन वाक्यं सलग बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "सव्वीस वर्सं परक्या लोकांना सांगत आलो. एकदा तुला सांगू दे."

मनकर्णानं तिखटाचा डबा मागं सारला. तिनं माशाला मीठ-लिंबू चोळलं आणि थोड्या तेलावर परतलं. मासा असा फक्कड झाला की मी काटेसुद्धा चोखले. वाईन पहिल्या घोटाला मला कच्च्या कैरीच्या पाण्यासारखी लागली; माशाच्या घासावर घेतली आणि मग कळली. मनकर्णानं ग्लासाला बोट लावलं नाही. ती नुसती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

"सायब लोक खरंच तुमाला इचारायचे?"

"व्हय. इचारल्याबिगर मागवायचे न्हाईत."

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला आणि दारात लंकाबाई उभ्या राहिल्या. खर्ड्याच्या विहीणबाई, न कळवता! हनुमंतानं झटकन बाटली पाठीमागं लपवली.

"काय चाललंय, मॅनेजर?" लंकाबाईंची नजर ग्लासावर गेली.

"ठिवा ती बाटली खाली," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. मग विहिणीकडं वळली. "वाईन हाय ती. हे मॅनेजर न्हवते, मीच तसं सांगितलं हुतं. कंच्या जेवनावर कंची वाईन घ्यायची, ते मोठमोठे सायब ह्यांना इचारायचे."

लंकाबाई चपला काढून आत आल्या. मग ताटाकडं बघत म्हणाल्या, "आन मासा असा फिका का?"

"तिखटानं हिची चव मरती," मनकर्णा म्हणाली, सव्वीस वर्षं हेच काम केल्यासारखी. "बसा. तुमालाबी वाढते."

हनुमंताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ग्लास हातात तसाच धरून तो बसला होता.

"प्या की," ती त्याला म्हणाली, "गरम झाल्यावर मजा न्हाई ना हिची?"