दोन चुण्या जास्त

"गुडघ्याच्या वर नाही म्हणून राह्यली मी, भाभी. गुडघ्यापर्यंतच."

"मग रेडिमेड घेऊन घे. मी नाही शिवत."

"काहून पण? साऱ्या दारव्ह्याचे कपडे शिवता, अन् पुतणीचा फ्रॉक जड झाला?"

"पोरगी मोठी होऊन राह्यली, नाहिद. सलवार घाल म्हणा तिले."

"पाय वाकडे होते तेव्हा फ्रॉक घालून हिंडली. आता सरळ झाले तर झाकू कायले?"

सुग्राबीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. पलंगावर निळं सॅटिन पडलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाहिदची अर्शिया नाचणार होती, तिच्यासाठी. धाकट्या जावेने ते मोठ्या हौसेने आणलेलं, आणि सुग्राबीच्या डोळ्यांत ते सकाळपासून खुपत होतं.

सुग्राबीच्या हातची सलवार दारव्ह्यात कुणीही ओळखतं. बाईचं पोट सुटलेलं असो की एक खांदा उतरलेला, ती टेप लावते, तोंडातून शब्द काढत नाही आणि कापड असं बेतते की बघणाऱ्याची नजर तिथे जातच नाही. लग्न ठरलेल्या मुली त्यासाठीच येतात. सांभाळून घ्या भाभी, एवढंच हळूच सांगतात.

तिची स्वतःची कहकशां लहानपणापासून गुडघे घासत चालायची. उभी राहिली की गुडघे एकमेकांना चिकटायचे, घोटे मात्र लांब राहायचे. सुग्राबीने तेही सांभाळून घेतलं. घेरदार सलवार, चुण्या मांडीपासून सैल सोडलेल्या. पोरगी चालायला लागली की कापडच चालायचं. नवरा गुलाम नबी दिवसभर गॅरेजमध्ये गाड्यांखाली. त्याला वाटायचं, पोरीची चालच तशी आहे.

नाहिद मात्र तुटलेलं बटण घेऊनही सुग्राबीकडे येणारी. तिच्या अर्शियाचे पाय तसेच, घराण्यातून आलेले. पण ती बाजारातल्या आखूड फ्रॉकात गल्लीभर उंडारायची. सगळ्यांना दिसायची, म्हणून शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनाही दिसली. त्यांनी यवतमाळला धाडलं.

त्या दिवशी जावेला सोबत म्हणून सुग्राबीच गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून समजावलं. हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते. गुडघ्याच्या आतल्या अंगाला छोटीशी पट्टी दोन स्क्रू लावून बसवली की त्या बाजूची वाढ अडून राहते, बाहेरची चालू राहते, आणि पाय वाढता वाढता आपोआप सरळ होतो. मग पट्टी काढून टाकायची. फक्त पोर वाढीच्या वयात पाहिजे. वाढ संपली की हा रस्ता बंद. नाहिद रडत होती, तिला अर्धंच कळलं. सुग्राबीला सगळं कळलं.

घरी येऊन तिने कहकशांला नवी सलवार शिवली. चुण्या दोन जास्त घातल्या.

पुढे अर्शिया अंगणात लंगडी खेळायची आणि सुग्राबी खिडकीतून तिचे घोटे बघायची. ते जवळ येत चालले होते. एका ईदला कुणीतरी त्या पोरीच्या चालीचं कौतुक केलं, तर सुग्राबीने शीरखुर्म्याची वाटी तशीच खाली ठेवली. जिला कापडाची उलटी-सुलटी बाजू कळत नाही, तिची पोरगी सरळ चालते, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मागच्या महिन्यात कहकशांला जिना चढवेना. तिला यवतमाळला नेलं, तेही नाहिदनेच. तिथे कळलं की पोरीची वाढ पुरी झाली आहे. पट्टीने काही होणार नाही. हाड कापून सरळ बसवावं लागेल, आधी एक पाय, नंतर दुसरा. गुलाम नबी तयार झाला, ऑपरेशनला सोमवार ठरला आणि सोबत नाहिद जाणार होती. सुग्राबी ऐकायला तयार नव्हती. सलवार आहे ना, म्हणायची.

"तुम्ही झाकलं, त्याचं काय झालं?" नाहिद आज बोलून गेली.

"जबान सांभाळ."

"मी तर रडून राह्यलती तिथं. तुम्ही ऐकलं न डॉक्टरचं सारं? कहकशां तेव्हा वाढून राह्यलती, भाभी. एकाच जीपनं दोघींले नेलं असतं."

स्वयंपाकघराच्या दारात कहकशां चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो जपून खाली ठेवला.

"अम्मी, तुले माहीत होतं?"

सुग्राबीने सॅटिनची घडी घातली, परत मोडली.

"मी काय नाहिदच्या मागं मागं जाऊ?" ती म्हणाली. "सारे म्हटले असते, नाहिदनं रस्ता दाखवला. अन् तुह्या अंगावर सलवार किती चांगली पडत होती."

नाहिदने मान खाली घातली. बोलले नसते तर बरं, असं आता तिलाच वाटत होतं.

सुग्राबी घाईने उठली. "सोमवारी मी येते यवतमाळले. कापू दे हाड. वॉकर मी धरीन. नाहिद नाही, मी. कहकशां, येऊ न मी?"

कहकशांने चपला घातल्या. उंबऱ्यावर थांबून तिने सलवारीच्या चुण्या दोन्ही मुठींत आवळून मागे ओढल्या. कापड पायांना चिकटलं, गुडघे जसे होते तसे दिसले, आणि ती तशीच गल्लीत निघून गेली.