डाव्या बाजूचं हँडल

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझं पोस्टिंग उधन्याला झालं. ऑर्डर बायकोनं काढली. मंगलचे दोन्ही भाऊ इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते, त्यांनी खोल्या बघून ठेवल्या होत्या, आणि हवालदार, पॅराट्रूपर, असा मी एक ट्रंक आणि एक होल्डॉल घेऊन धुळ्याहून सुरतेत दाखल झालो. तेव्हापासून एका कापड मार्केटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पूर्वी विमानाच्या दारात उभा राहायचो, आता लिफ्टच्या दारात राहतो. पोट पुढे आलंय. आमच्या वेळी रिझर्व्ह पॅराशूट पोटावर बांधायचे. मंगल पाहुण्यांना सांगते, यांनी ते अजून सोडलेलं नाही.

फौजेत मी शंभराच्या वर उड्या मारल्या. त्यातली एकही हौसेनं मारलेली नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमची तेजू जेवताना म्हणाली, "पप्पा, मी स्कायडायव्हिंग बुक केलंय," तेव्हा मला पहिला संशय तिच्या डोक्याचा आला आणि दुसरा बुकिंग घेणाऱ्याच्या हेतूचा.

तेजू साड्यांच्या एका ऑनलाइन कंपनीत डिझायनर आहे. घरात मराठी, ऑफिसात गुजराती आणि भांडताना हिंदी, अशी तिची व्यवस्था आहे.

"कुठे?"

"कामरेजच्या पुढे. एक पट्टी छे ने, शेतांमध्ये. तिथे कॅम्प लागलाय."

"विमान कुणाचं?"

"पप्पा."

"पायलट कोण? पॅक कोण करतं? रिझर्व्ह शेवटचं कधी उघडून पॅक केलं?"

"तुम्ही लग्नाच्या स्थळांचीसुद्धा एवढी चौकशी करत नाही," मंगल म्हणाली. तिनं एकच विचारलं, की उडी मारायच्या दिवशी उपास चालेल का. कंपनीनं हलका नाश्ता करून या म्हणून कळवलंय, असं तेजूनं सांगितलं. मंगलला ते पटलं नाही, पण तिनं दुसरी तयारी सुरू केली. नारळ, हळदकुंकू, आणि नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल-पिवळा दोरा. सुरतेत नवीन लूम बसवली तरी तिला नाडाछडी बांधतात, नवीन स्कूटरला बांधतात. आमच्या फ्रिजच्या मुठीला पण आहे. तो मी बांधलेला आहे.

पहाटे निघालो. रस्त्यावर चलथाणच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रक होते, आणि धुकं होतं. धुक्याचा मला आनंद झाला. व्हिजिबिलिटी नाही, उडी रद्द, वरण-भात खाऊन दुपारची झोप, असा माझा ऑपरेशन प्लॅन होता. आम्ही पोचलो आणि धुकं विरलं.

कॅम्प म्हणजे एक धावपट्टी, एक छोटं विमान, एक तंबू आणि चहाची टपरी. आजूबाजूला ऊस. तंबूत जमिनीवर ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर पॅराशूट ओळीनं मांडलेली. इन्स्ट्रक्टरचं नाव पार्थ. तिशीतला, केसांचा बुचडा बांधलेला. माझ्या मनात त्याची पहिली नोंद खराब झाली. केस बांधणारा माणूस दोरी नीट बांधत असेल हे मला सुचायला बराच वेळ लागला.

तेजूची उडी टॅन्डम होती. टॅन्डममध्ये पॅराशूट इन्स्ट्रक्टरच्या पाठीवर असतं आणि उडी मारणारा त्याच्या छातीला पुढून जोडलेला असतो. दोघांचा जीव एकाच बॅगेत. बॅगेत दोन पॅराशूट, एक मेन आणि एक रिझर्व्ह. मेन बिघडलं तर उजव्या बाजूचं हँडल ओढून ते सोडून द्यायचं आणि डाव्या बाजूचं ओढून रिझर्व्ह उघडायचं. डावं हँडल वर्षानुवर्षं कुणी ओढत नाही. ज्या दिवशी ओढतात त्या दिवशी ते पहिल्या झटक्यात यावं लागतं.

पार्थनं माझ्यासमोर सगळं तपासलं. पट्टे, बकल, पिना, दोन्ही हँडल. मी प्रश्न विचारत होतो, तो उत्तरं देत होता. उत्तरं बरोबर होती, त्यामुळे माझा संशय वाढला.

"काका, तुम्ही फौजी ना?" तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुम्ही मला उभं करून प्रश्न विचारताय, अजून बस म्हणाला नाहीत. तंबू माझा आहे तरी."

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर आवाज आला. "ग्राउंड टू ऑल. विंड होल्ड. वारा वाढलाय. सगळे थांबा."

म्हणजे वारा कमी होईपर्यंत उड्या बंद. पार्थनं तपासलेली बॅग ताडपत्रीवर ठेवली आणि सगळे टपरीकडे गेले. फौजेत तपासलेलं पॅराशूट पाठीवर चढतं, नाहीतर त्याच्याजवळ माणूस बसतो. आणि त्याला सोडून कुणी उठलं, तर तपासणी पहिल्यापासून. मी तिथे बसायला हवं होतं. पण माझं लक्ष पायलटवर होतं. तो विमानाच्या चाकाजवळ उभा राहून खमण खात होता आणि फोनवर हसत होता. उड्डाणाआधी एवढं हसणारा पायलट मी कधी पाहिला नव्हता. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो त्याच्या सासूशी बोलत होता. यामुळे मी जास्तच बुचकळ्यात पडलो. सासूशी बोलताना कोण हसतं?

परत आलो तेव्हा विमानाच्या नाकावर कुंकू लागलेलं होतं आणि चाकाखाली फुटलेला नारळ होता. मंगल समाधानानं खोबरं वाटत होती. पायलटनंही घेतलं.

वारा उतरला. "ग्राउंड टू ऑल. होल्ड ओव्हर. पहिली लोड, बोर्ड."

विमान सुरू झालं. पार्थनं बॅग पाठीवर चढवली, पट्टे ओढले. तेजू पट्ट्यांचा हार्नेस घालून माझ्याकडे आली. चेहरा हसरा, ओठ पांढरे.

"पप्पा, काही बोला ने."

मी तिच्यावरून नजर काढून पार्थकडे बघितलं. वरून खाली, सवयीनं. उजवा खांदा, उजवं हँडल, पोटपट्टा, डावा खांदा. डाव्या बाजूच्या पट्ट्यावर काहीतरी लाल-पिवळं दिसलं. फार नाही, करंगळीच्या नखाएवढं.

"थांब," मी म्हणालो.

"काका, इंजिन चालू आहे."

"डाव्या हँडलला हात लाव. ओढू नको. फक्त हात लाव."

तो कंटाळला होता, ते दिसत होतं. त्यानं हात नेला. बोटं हँडलवर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यानं मान खाली घालून बघितलं.

दोरा हँडलच्या कडीतून काढून शेजारच्या पट्ट्याभोवती गुंडाळलेला होता. एक-दोन वेढे नव्हते, चांगला जाड पीळ झाला होता. गाठीवर गाठ. शेंडे आत खोचलेले, इतक्या सफाईनं की लांबून ते शिवणीसारखं वाटावं. रिझर्व्हचं हँडल हार्नेसला बांधून टाकलेलं होतं.

पार्थनं हवेत हात फिरवला. इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं.

"ये किसने बांधा?" तो म्हणाला. आवाज वाढवला नाही, पण बुचडेवाला पोरगा तेवढ्यात गेला आणि त्याच्या जागी कुणी दुसराच उभा होता.

मी एकेकाचा चेहरा बघितला. पॅक करणारे दोघे. पायलट. टपरीवाला. प्रत्येकात मला काहीतरी दिसलं. एकानं नजर चुकवली, एकाचे हात खिशात होते. त्या अर्ध्या मिनिटात मी चौघांचं मनातल्या मनात कोर्ट मार्शल केलं. दोरा कुठला आहे हे मला ओळखू यायला हवं होतं. त्याचा उरलेला गुंडा माझ्याच गाडीत होता.

"मीच बांधा तो," मागून मंगल म्हणाली. घाबरली की तिची अहिराणी बाहेर येते. "काय व्हयनं? चुकीना जागे बांधा का?"

"तू हात कशाला लावलास?"

"मनी पोर त्या बॅगवर जाई राहिनी. विमानले कुंकू लावं, तर बॅगले काहीच नको? तुम्हीच गाडीना स्टेअरिंगले बांधा व्हता ना?" मग माझा चेहरा बघून ती हळू झाली. "तिथे कडी दिसली. बांधायला बरी होती. सुटू नये म्हणून घट्ट बांधला."

सुटू नये म्हणून. तिनं केलेलं काम उत्तम होतं. तीच अडचण होती.

पार्थनं तिला सांगितलं, हे हँडल कशासाठी असतं. साध्या शब्दांत सांगितलं, रागावला नाही. मंगलनं सगळं ऐकलं आणि खाली ताडपत्रीवर बसली. तिनं तेजूकडे बघितलं नाही.

मी स्वतःची शेखी मिरवत नाही. विमानात चढल्यावर आणखी एक तपासणी होते, वर दार उघडण्याआधी इन्स्ट्रक्टर प्रत्येक हँडलला हात लावतो. पार्थला तो दोरा सापडला असता. बहुतेक. पण 'बहुतेक' या शब्दावर मी कुणाला विमानातून सोडलेलं नाही.

पार्थनं पट्ट्यातला छोटा वाकडा सुरा काढला, दोरी अडकली तर कापायला असतो तो, आणि दोरा कापला. मग बॅग उतरवून ताडपत्रीवर ठेवली आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली. या वेळी मला म्हणाला, "काका, बसा. आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका. काकींना पण." मी बसलो. रिटायर झाल्यानंतरची माझी ती पहिली खरी ड्युटी.

"तेजू," मी म्हणालो, "नाही म्हणालीस तरी चालेल."

"तुम्ही तपासलंत ने?"

"हो."

"मग जाते."

मंगल उठली. कापलेला दोरा तिनं उचलला होता. "हे हाताला बांधलं तर चालेल?" तिनं पार्थला विचारलं. लहान मूल परवानगी मागतं तसं. त्यानं बाहीच्या आत, मनगटावर चालेल म्हणून सांगितलं. तिनं तेजूला बांधला. मग उरलेला तुकडा घेऊन पार्थपुढे उभी राहिली. "तुना हात दे."

त्यानं हात पुढे केला.

विमान वर गेलं. एवढंसं झालं. मी ग्राउंडवाल्याच्या शेजारी उभा होतो. रेडिओवर आवाज आला, "एक्झिट, एक्झिट." एक काळा ठिपका वेगळा झाला. मंगलनं डोळे मिटले. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच आकडे विसरलो. हे फौजेत कधी झालं नव्हतं. मग निळं-पांढरं कापड उघडलं. मेन. पूर्ण, चौकोनी, कुठे वळकटी नाही.

"कॅनॉपी गुड," रेडिओ म्हणाला.

तेजू धावपट्टीच्या कडेला गवतावर बसकण मारून उतरली. उठून हसायला लागली, मग रडली, मग मला म्हणाली की परत जायचंय. मी म्हटलं, पुढच्या जन्मी.

येताना तेजू मागच्या सीटवर झोपली. कामरेजचा चौक मागे पडला. मग मंगल म्हणाली, "ते हँडल लागलंच असतं, आणि निघालं नसतं तर? मग तुम्ही मला काय म्हणाला असतात?"

"काही नाही."

"खोटं नका बोलू."

मग मी तिला यशवंतबद्दल सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

लान्स नाईक यशवंत, कराडकडचा. दिवसाची ट्रेनिंग जंप होती, हवा स्वच्छ. त्याचं मेन गुंतलं. रिझर्व्ह त्यानं ओढलंच नाही. का ओढलं नाही, ते कळलं नाही. विमानातून निघताना डोक्याला मार लागला असावा, असं कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं म्हटलं. सामानात दोष सापडला नाही. तरी मेसमध्ये लोक पॅक करणाऱ्याकडे तिरकं बघायला लागले. तो बिचारा शेवटच्या टेबलावर एकटा जेवायचा. महिनाभरानं मी ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसलो. लोकांना वाटलं, मी मोठ्या मनाचा आहे. तसं काही नव्हतं. माझा संशय त्याच्यावर कधी नव्हताच.

विमानात उभं राहिल्यावर मागचा जवान पुढच्याची पाठ तपासतो, मेन उघडणाऱ्या दोरीचा विमानात अडकवलेला हुक बघतो, खांद्यावर थाप मारतो आणि 'ओके' म्हणतो. यशवंत रांगेत माझ्या पुढे होता. थाप मी मारली होती.

मंगलनं माझ्या हातावर हात ठेवला, गियरवरच. पुढे उसाचा ट्रक होता, मी ओव्हरटेक केला नाही.

यशवंत चोवीस वर्षांचा होता. बासरी वाजवायचा, वाईट वाजवायचा. त्याची पाठ मी मनात अजून तपासतो, आठवड्यातून एकदा तरी. पट्टे, पिन, दोरीचा हुक. प्रत्येक वेळी सगळं बरोबर असतं.