समुद्रातून उगवलेला सूर्य

बोईसरच्या वाचनालयात रविवारी सकाळी आम्ही जमत असू. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढावीत अशी इच्छा बाळगणारी माणसे त्या भागात फार नव्हती. जी होती, ती एकमेकांचा शोध घेत तेथे पोहोचली होती. मी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि सरावलीत राहत होतो. आठवडाभर यंत्रांचे सुटे भाग काढायचे आणि रविवारी ससे, असा माझा क्रम होता. सुटे भाग तयार होऊन बाहेर पडत. ससे घरीच राहत.

ग्रंथपालांनी एक पत्र्याची पेटी मिळवली होती. प्रत्येकाने आपल्याजवळचे त्यात आणून ठेवावे, असे ठरले. बरे कुंचले, रंगांच्या बाटल्या, जाड कागद, रद्दीवाल्याकडून सोडवून आणलेली परदेशी चित्रपुस्तके, कापून ठेवलेली छायाचित्रे. एकट्याला यातले निम्मेही परवडले नसते. पेटीचा नियम एकच होता आणि ग्रंथपाल तो वारंवार सांगत : ज्याच्या हाती काम, त्याच्या घरी पेटी. काम म्हणजे छापले जाणारे काम. कोणाला एखाद्या दिवाळी अंकाच्या बालविभागाचे चित्र मिळे, कोणाला अंकलिपीचे. पेटी त्याच्या घरी जाई आणि काम संपले की वाचनालयात परत येई. मी त्या पेटीची बिजागरी दुरुस्त केली होती, तिला आतून कप्पे करून दिले होते. ती माझ्या घरी कधी आली नव्हती.

आमच्यात एक बाई होत्या. दांडीच्या प्राथमिक शाळेत शिकवत. माहेर डोंगराकडचे, सासर समुद्रकाठच्या बागायतदारांचे. त्यांच्या रेघेला शिस्त नव्हती. त्यांना ते ठाऊक होते आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे.

“दादा, तुमची रेघ बघितली की माझा हात लाजतो,” त्या एकदा म्हणाल्या.

“रेघ सरावाने येते,” मी म्हणालो.

“मग माझा सराव भाकऱ्यांचा. म्हणून तर माझी सगळी माणसं गोल.”

सगळे हसले. माझ्या रेघेवर त्या बैठकीत कोणी कधी हसले नव्हते, आणि कोणी तिच्यापाशी थांबलेही नव्हते. हे मी त्याच दिवशी टिपले.

पालघरला छापखाना असलेले एक गृहस्थ बैठकीला येत. मुलांची पुस्तके काढणाऱ्या पुण्याच्या एका प्रकाशकाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी एका रविवारी बातमी आणली. समुद्रकाठच्या एका मुलीची गोष्ट निघायची होती, पूर्ण पुस्तक, सगळी चित्रे एकाच हातची. नमुन्याचे एक चित्र पाठवायचे होते. ग्रंथपालांनी बाईंना आणि मला एकच प्रसंग दिला : पहाट सरली आहे, मुलगी किनाऱ्यावर उभी आहे, रात्री मासेमारीला गेलेल्या बापाची बोट परत येते आहे.

हे काम मला हवे होते. त्यापूर्वी किंवा त्यानंतर मला काही इतके हवेसे वाटल्याचे आठवत नाही. मी सकाळच्या एसटीने दांडीला गेलो. बोटीची बांधणी पाहिली, डोलकाठीची उंची अजमावली, सावल्या कोठे पडतात ते पाहिले. सूर्य मागे, माडांच्या वर. सावल्या समुद्राकडे लांबलेल्या. चित्रात एकही गोष्ट अंदाजाने काढलेली नव्हती.

पुढच्या बैठकीत दोन्ही चित्रे टेबलावर ठेवली गेली. बाईंचे चित्र मी पाहिले आणि मनात स्वस्थ झालो.

“बाई, दांडीत सूर्य समुद्रात मावळतो,” मी म्हणालो. “तो समुद्रातून उगवत नाही.”

त्यांनी चित्र हातात घेतले, आणि मग तोंडावर पदर धरला. “अगंबाई! मुलगी जिकडं बघतेय तिकडंच काढला की मी. माहेरी अंगणात उभं राहिलं की समोरून यायचा तो. तीच सवय.”

“म्हणजे माहेरचा सूर्य सासरी आणलात,” ग्रंथपाल म्हणाले.

“आणि सासरच्यांनी लगेच खोड काढली बघा,” बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या. पुन्हा सगळे हसले. त्यांनी पेटीतून पांढऱ्या रंगाची बाटली काढली. छापखानेवाले म्हणाले, “बाई, घाई नको. आधी मुलांपुढे ठेवू, मग पुसा.”

मुलांपुढे चित्र ठेवण्याची आमची रीत होती. चित्र कोणाचे ते सांगायचे नाही, गोष्ट सांगायची नाही, प्रश्न विचारायचा नाही. चित्रकाराने मागे भिंतीशी उभे राहायचे आणि तोंड मिटून ऐकायचे. या वेळी मुले दांडीचीच घ्यायची ठरली. ती बाईंच्या वर्गातली नसावीत, असे मी सुचवले. ते मान्य झाले.

दांडीच्या शाळेत माझे चित्र आधी फिरले. पहिल्या मुलीने ते पाहिले. “बरोबर हाय,” ती म्हणाली आणि शेजारणीला दिले. शेजारीण म्हणाली, “आपली दांडी हाय ही.” चित्र रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि ग्रंथपालांच्या हातात परत आले. मुले पुढच्या चित्राची वाट पाहू लागली.

बाईंचे चित्र पहिल्या मुलीपाशीच अडले.

“सूर्य तिकडं कसा?” तिने विचारले.

“सूर्य नाय तो, बोटीवरच्या तांडेलाचा दिवा हाय,” मागून एक मुलगा म्हणाला.

“येडा हायस काय? दिवा बोटीहून मोठा असतो?”

“मग सूर्य सकालचा तिकडं काय करतो?”

पहिल्या मुलीने थोडा विचार केला. “संध्याकाली तो दर्यात जातो का नाय? तो पन तिच्या बाबासंगं मासे मारायला गेलता. आता दोघं संगं घरी येतात.”

यावर वाद पेटला. त्याला किती मासे मिळाले, त्याचे जाळे जळत कसे नाही, रोज तो डोंगरामागून येतो तेव्हा कोणाच्या बोटीने येतो. एकाने विचारले, “पुढं काय झालं?” ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी छापखानेवाल्यांकडे पाहिले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “भूगोल चुकीचा छापला जाईल.”

“भूगोलाचं पुस्तक नाही हो ते,” छापखानेवाले म्हणाले. “बाई, पुसू नका.”

चूक त्यांची होती, ती मी दाखवली होती, आणि ती दाखवली तेव्हा माझे म्हणणे सर्वांना पटले होते. तरीही नमुना म्हणून तेच चित्र पुण्याला गेले. काम आले. ते बाईंना आले.

पेटी द्यायच्या दिवशी ती एसटीच्या थांब्यापर्यंत कोणी न्यावी, असा प्रश्न निघाला. पेटी जड होती आणि माझा रस्ता तोच होता. मी ती उचलली. थांब्यावर बाई म्हणाल्या, “दादा, एक मागू? बोटी तुम्ही काढून द्या. माझी बोट म्हणजे जेवणाचं ताट. पुस्तकावर दोघांचं नाव घालायला सांगते मी.”

माझे नाव पुस्तकावर येण्याची संधी तेवढीच होती. ते मला तेव्हाही कळत होते.

“प्रकाशकांनी एकच हात मागितला आहे,” मी म्हणालो.

“त्यांना मी विचारते ना.”

“विचारू नका.”

एसटी आली. मी पेटी आत चढवून दिली. बाईंनी खिडकीतून हात हलवला. त्यांच्या मनात काही राहिले नसावे. त्यांच्या मनात काही राहत नसे, आणि तेही मला सहन होत नसे.

पुस्तक निघाले. बोट ताटासारखीच होती. नंतर त्यांची आणखी पुस्तके निघाली आणि पेटी बहुधा दांडीलाच असे. माझे एकही पुस्तक निघाले नाही. पुढे ग्रंथपालांची बदली झाली, बैठका विरळ झाल्या, मग थांबल्या.

त्या पहिल्या पुस्तकाची प्रत मी विकत घेतलेली आहे. नातीला वाचता येत नव्हते तेव्हा ती हे पुस्तक घेऊन माझ्याकडे येत असे. माझी चित्रेही मी तिला दाखवली होती. तिने ती नीट पाहिली आणि नीट परत केली. बाईंच्या पुस्तकात मात्र ती सूर्यावर बोट ठेवी आणि प्रत्येक वेळी विचारी, “आजोबा, हा रात्रभर कुठे होता?”

मला दोन उत्तरे येत होती. एक बरोबर होते.

“मासे मारायला गेला होता,” मी सांगत असे.

“मग पुढं?”

मी पान उलटत असे.