डोळे शेवटी

“डोळे शेवटी, भाऊ. आधी बाकीचं अंग होऊ दे.” एवढे म्हणून काका पेन्सिल कानामागे खोचत. त्यांच्या मांडीवरच्या कागदावर बिनडोळ्यांची माणसे माझ्याकडे तोंड करून उभी असत.

पेणहून रोह्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसत असू. ते हमरापूरचे. घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी वर्षानुवर्षे त्यांच्याच हातची. पण अलीकडे पुतण्याने तो ब्रश त्यांच्याकडून काढून घेतला होता आणि त्यांना पीतांबर रंगवायला बसवले होते. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. शिफ्टच्या थकव्यात माणूस पुष्कळ प्रश्न तसेच ठेवून देतो आणि त्यालाच स्वतःचा सभ्यपणा समजतो.

त्यांना एक चित्रकथा करायची होती. विषय त्यांची आई. आयुष्यभर शाडू मळणारी, ते लहान असतानाच गेलेली.

“घरात तिचा फोटू नाय. मी गेलो की तिचं तोंड कसं व्हतं, सांगणारा कोण नाय.”

शब्द मी लिहावेत असे ठरले. ही कला आम्हां दोघांनाही नवी होती. मी पहिल्याच चौकटीत आईच्या तोंडी एक मोठा परिच्छेद घातला. त्या संवादाच्या फुग्याने तिचे अर्धे डोके झाकले.

“एवढं बोलतंय कोण?” ते म्हणाले. “माझी आय दिसभरात एवढं बोलायची नाय. तुमची बोलत असंल.”

मागच्या बाकावरचे हसले. मी खोडत गेलो. मी आजवर किती अनावश्यक बोललो असेन, हे त्या खोडरबराने मला शिकवले. अखेर शेवटच्या चौकटीत एकच शब्द उरला: “जेवलास?”

त्यांची चूक निराळी होती. त्यांची सगळी माणसे समोर तोंड करून उभी राहत.

“काका, आई मुलाशी बोलते आहे ना? मग ती आपल्याकडे का बघते?”

“मूर्ती बघणाऱ्याकडंच बघते, भाऊ. त्यातच जल्म गेला माझा. तोंड फिरवलेला गणपती कोण इकत घेईल?”

तरीही ते माना वळवायला शिकले. कागद खोडून खोडून जागोजागी विरला. रेघ वाकडी गेली की ते रस्त्याला शिव्या देत, “ही गाडी नि हे खड्डे! सरळ रेघ मारू देतील तर शपथ!” आणि सगळी बस त्यांना दुजोरा देई.

एकदा रेल्वेच्या फाटकापाशी बस थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. सगळे स्थिर झाले. त्यांच्या पेन्सिलीचे टोक मात्र कागदावर थरथरतच राहिले. आम्ही दोघांनीही ते पाहिले. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला.

“गाडी बंद हाय, नाय?”

“हो, काका.”

“म्हणून डोळे शेवटी,” ते हळू म्हणाले. “हात थाऱ्यावर आला की एका बसणीत काढीन.”

पुढे ते निवृत्त झाले. शेजारची जागा दुसऱ्याने घेतली. त्यांना भेटायला जायचे मी या रविवारवरून त्या रविवारवर ढकलत राहिलो. गेलो तो त्यांच्या तेराव्यालाच.

पुतण्याने कागद माझ्यापुढे ठेवले. “शेवटी आखणीचा ब्रश मागितला काकांनी. मी नाय म्हटलं नाय.”

सगळ्या माना नीट वळलेल्या होत्या. डोळे कुठेच नव्हते. फक्त शेवटच्या चौकटीत, ताट पुढे सरकवणाऱ्या आईला ते होते. रेघ थरथरलेली, दोन ठिकाणी तुटलेली. तो कागद मी उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. ती माझ्याकडे बघत नाही. ती मुलाकडे बघते आहे.

मुलाचे डोळे अजून कोरे आहेत.