भेंडाची फौज

रेणापूर सोडलं त्या सकाळी माझी लोखंडी पेटी बैलगाडीत चढवताना वडिलांनी ती कानाजवळ हलवून पाहिली. आतले चिंचोके खुळखुळले. "हे तिकडं काढू नको बग. कचेरीत नोकरीला चाललास. लोक हसतेत," एवढंच बोलले आणि बैलांकडे वळले. पेटीत आईने बांधून दिलेल्या धपाट्यांखाली माझी फौज होती, कडब्याच्या भेंडातून, ताटाच्या आतल्या मऊ गाभ्यातून, कोरलेले घोडे, हत्ती आणि भालदार. लातूरहून नांदेडच्या मोटारीत बसलो, तेव्हा ती पेटी मी मांडीवरच धरली होती.

रेणापुरात मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला तो खेळ आठवत असेल. गाव सोडून गेलेले विसरले असतील, त्यांच्यासाठी सांगतो. फळीवर वाळू पसरायची, तिच्यात ओढे-टेकड्या उठवायच्या आणि काळी-लाल फौज समोरासमोर मांडायची. फोडलेले चिंचोके टाकायचे. जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितकी चाल. हरणाऱ्याने आपले पडलेले शिपाई स्वतः उचलायचे, वाळू पुसून पेटीत ठेवायचे. हा शेवटचा नियम मला फार आवडायचा.

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार उर्दूत, सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. नांदेडात भाड्याच्या खोलीत आम्ही तिघे कारकून राहत होतो, त्यांतला दत्तू लातूरच्या वकिलाचा मुलगा. मी पेटीला कुलूप घालून तिच्यावर अंथरूण ठेवायचो. वीस वर्षांचा बाप्या खेळण्यांसाठी असा चोरासारखा वागत होतो.

एकदा कुलूप घालायचं राहिलं. संध्याकाळी कचेरीसमोरच्या हॉटेलात शिरलो तर माझी फौज चहाच्या कपांच्या मधे मधे उभी! "या सरदार! आमचे सरदार अजून भातुकली खेळायलेत," दत्तू ओरडला. सगळी कचेरी हसली. मग त्याने माझा काळा घोडा चहात बुचकळला. भेंड फुगलं, पाय गळून पडले. तो घोडा मी पडवीत बसून दोन पावसाळे कोरत होतो. मी फौज गोळा करून निघालो. त्या रात्री झोपताना ठरवलं, याला सगळ्यांसमोर वाकवायचं.

पुढच्या जुम्म्याला गोदावरीची वाळू आणली आणि फळी घेऊन त्याच हॉटेलात भर गर्दीत मांडली. "हाव, मी खेळतो. लहानपणापासून खेळतो. हसायचं त्यानं हसा," मी म्हणालो. "दत्तू, ये. बस समोर."

एवढ्या लोकांत त्याला नाही म्हणता येईना. सुरुवातीला तो थट्टा करत चिंचोके टाकत होता. त्याचे हत्ती ओढ्यात अडकले तेव्हा थट्टा थांबली. मला लवकर जिंकता येत होतं, तरी मी जिंकलो नाही. त्याचा एकच भालदार शिल्लक ठेवला आणि दिवे लागेपर्यंत फळीभर पळवला. मग त्यालाही पाडून म्हणालो, "उचल आता. वाळू नीट पूस." वकिलाचा मुलगा मान खाली घालून माझे शिपाई पुसत होता आणि मला जेवल्यासारखं समाधान वाटत होतं.

त्यानंतर दर जुम्म्याला हॉटेलात खेळ रंगायचा. हसणारेच नंबर लावू लागले. मी मेलेल्या घोड्याच्या जागी नवा कोरला. त्याला नवा नियम लावला, एकही चिंचोका पांढरा पडला नाही की तो आधी पळतो आणि शेजारच्यांनाही पळवतो. त्याचं नाव ठेवलं दत्तू.

निजाम गेला, लग्न झालं, मी नांदेडचाच झालो. रेणापूरचं शेत भावकीत गेलं, पण वाळूत मी अजून तेच उठवतो, ओढा, रेणुकेचं देऊळ, आमची विहीर. तुम्ही गावाकडचे प्रत्येक सणाला विचारता, घरी कधी येणार?

मागच्या महिन्यात लातूरचे एक वकीलसाहेब दारात आले. केस पांढरे, हातात काठी. मी ओळखलं, आमच्या खोलीतला कारकून बापासारखा वकील झाला होता. बायकोने नाव विचारलं नाही, पाणी दिलं. ओसरीवर मांडलेल्या फळीकडे बघत त्यांनी तो घोडा उचलला. "हा कोण?"

"त्यो व्हय? त्यो दत्तू," बायको हसत म्हणाली. "लई भित्रा. आधी ह्योच पळतोय. आमच्या घरात कुणी कामाला भ्यालं की आम्ही त्याला दत्तूच म्हणतो."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोला थांबवलं नाही. फळीपुढे पाट सरकवला आणि चिंचोके त्याच्या हातात दिले.

तेव्हा मंडळी, वाट बघू नका. माझं घर आता या फळीपाशी आहे. इथं पेटीला कुलूप नाही आणि दत्तूला माफी नाही.